डाव्या हाताच्या बांगड्या

कल्याणच्या खाडीला ओहोटी लागली की चिखल उघडा पडायचा आणि त्यावर बोटाएवढे खेकडे एकेक लाल नांगी वर करून उभे राहायचे. त्या चिखलाच्या वरच्या अंगाला, गावाची हाक पोचणार नाही इतक्या लांब, सरकारनं झापांच्या चार शेडी घातल्या होत्या. अठराशे सत्त्याण्णव साल होतं. गाठीचा ताप मुंबईहून ठाण्याला आला होता, ठाण्याहून कल्याणला. ज्याच्या काखेत नाहीतर जांघेत गाठ उठेल त्याला या शेडींत आणून ठेवत. आणणारे आणून सोडत आणि मागं न बघता जात.

बायकांच्या शेडीत मनुबाई कामाला होती. ठाण्याच्या चेंदणीची कोळीण, तिशीच्या आतली, अंगानं सडपातळ आणि पायानं चपळ. झाडायचं, सारवायचं, तोंड धुवायला ऊन पाणी द्यायचं, घाण उचलायची, कुणी भ्रमात उठून पळू लागली तर तिला कवेत धरून निजवायचं. तापानं बहुतेकींचे डोळे सुजून लाल झालेले असत. उजेड सोसवत नसे, म्हणून डोळ्यांवर ओल्या फडक्याच्या घड्या असत. त्यांना मनुबाई दिसायची नाही, ऐकू यायची. तिच्या डाव्या हातात सात हिरव्या बांगड्या होत्या. त्या वाजल्या की कण्हणं जरा थांबायचं, कुणाचा तरी हात खाटेबाहेर यायचा, आणि कुणीतरी कोरड्या ओठांनी म्हणायचं, आली गं.

उजवा हात मात्र रिकामा होता. परक्या बायांना त्याचं नवल वाटे. एकदोघींनी विचारलंही, की एक हात सवाष्णीचा आणि एक विधवेचा, हे कसं काय बाई? मनुबाई सांगायची, आमच्यात असंच. लग्न लागलं की कोळ्याची पोर उजव्या हाताच्या बांगड्या उतरवते आणि दर्याला देते. दादला सारा जन्म दर्याच्या अंगावर जगायचा, तर दर्याला काही द्यायला नको? उजवा हात दर्याचा, डावा दादल्याचा.

एवढं सांगून ती लगबगीनं पुढच्या खाटेकडं वळायची. डाव्या हाताचं पुढचं कुणी विचारू नये म्हणून.

पुढचं असं होतं. चार वर्षांमागं, नारळी पुनवेनंतर, तिचा नवरा कान्हा पाच जणांच्या होडीतून वसईपलीकडं गेला. वारा फिरला. होडी पालथी सापडली. तिघे किनाऱ्याला लागले, ते बोलण्यापलीकडं गेलेले. उरले दोन, एक बिनलग्नाचा गडी आणि कान्हा. मग महिनाभरानं वसईचा एक गाडीवान ठाण्याला आला नि म्हणाला, होडी वसईहून पुढं सुटायच्या आदल्या दिवशी कान्ह्यासारखा एक माणूस मी बाजारात बघितला, आपल्या माणसांशी भांडून तो निघून चालला होता. कान्ह्यासारखा. तेवढ्या एका बोलण्यावर चेंदणीतल्या एका घराचं छप्पर चार वर्षं उभं होतं.

किनाऱ्याला लागलेल्या त्या तिघांच्या बायकांच्या बांगड्या वाढवल्या. मनुबाईच्या कुणी वाढवल्या नाहीत. सासू जनी काही बोलली नाही. पण पुढच्या नारळी पुनवेला कासार गल्लीत आला, तेव्हा तिनं सुनेला दंडाला धरून त्याच्यासमोर बसवलं आणि म्हणाली, डावा भर. त्याच्या पुढच्या वर्षी तेच, त्याच्याही पुढच्या वर्षी तेच. मनुबाईला वाटे, म्हातारीचा लेक आता माझ्या मनगटातच तेवढा जिवंत आहे. मी हात कसा ओढून घेऊ?

हळदीकुंकवाला तिला बोलावणं येत नसे, आणि ज्यांचे गेले त्या बायांच्या ओळीतही तिला जागा नव्हती. बाजारात पाटी घेऊन बसली की उजवीकडची जरा सरकून घ्यायची, मग डावीकडचीही. पहाटे जात्यावर ती एकटीच बसे, आणि गाणं म्हणे तेही जात्याच्या घरघरीखाली दाबून:

भरती आली बाई, तिवरांच्या पायांशी
निरोप नाही आला, काय सांगू आईशी

पौषात तिला गाठ उठली. ठाण्याच्या शेडी भरल्या होत्या, म्हणून धाकू नावाच्या गावकऱ्यानं तिला आपल्या होडीत घातलं आणि भरतीबरोबर कल्याणला आणून टाकलं. अकरा दिवस ती कुठं होती ते तिला ठाऊक नव्हतं. ठाऊक होता तो एक हात. दिवसातून दोनदा यायचा. थंड, कोरडा, जखमा धुवायच्या कार्बोलिकच्या पाण्याचा वास असलेला. फोडलेल्या गाठीच्या जखमेपाशी यायचा आणि घाई करायचा नाही. चार वर्षांत कुणी तिला असा हात लावला नव्हता. भांडं देतानासुद्धा माणसं बोटं चुकवीत. त्या हाताची वाट बघायची म्हणून मी मेले नाही, असं ती पुढं सांगायची आणि हसायची.

तो हात सेसिलियाचा. वसईकडची किरिस्ताव बाई, चाळिशी उलटलेली, नवरा गेल्यावर मुंबईच्या इस्पितळात नर्सचं काम शिकलेली. बोलायला फटकळ. मनुबाई उठून बसली तेव्हा ती म्हणाली, आता डोळे उघडलेस तर नुसती बघत बसू नकोस, बाजूचीला पाणी दे. मनुबाईनं पाणी दिलं. मग तिसरीला दिलं. ज्याला गाठ येऊन गेली त्याला सहसा परत येत नाही, असं डॉक्टर म्हणत, आणि कामाला बाया मिळत नव्हत्या. घरी जायचा दिवस आला तेव्हा तिला कुणी न्यायला आलं नव्हतं, आणि तिलाही जायची घाई नव्हती. राहतेस का, असं सेसिलियानं विचारलं. ती राहिली. आठ-दहा दिवसांनी एकदा धाकूच्या होडीनं चेंदणीला जायची, सासूला दुरून बघायची, तांदूळ नि मीठ उंबऱ्याबाहेर ठेवायची आणि परत यायची.

ती मासळीवाली होती. बोटानं दाबून मासा ताजा की शिळा ते सांगणारी. तीच बोटं आता ती मानेला लावायची नि ताप सांगायची. सेसिलिया काचेची नळी लावून पारा बघायची, आणि दोघींचं जमायचं. मनुबाईला आकडे येत नव्हते. मग सेसिलियानं नळीवरच्या रेघा तिला खाडीच्या खुणांसारख्या शिकवल्या. इथवर पाणी आलं तर भ्यायचं नाही. इथं काठावरची तिवराची झाडं बुडाली. इथं पाणी घरात शिरलं. सकाळी डॉक्टर आले की मनुबाई दाराशीच सांगायची, तिसऱ्या खाटेची तिवरं बुडाली. डॉक्टरांना हसू येई, पण ते आधी तिसऱ्या खाटेकडं जात.

फाल्गुन लागला. एके दुपारी पट्ट्या उकळताना सेसिलियानं तिला जवळ बसवलं. पाडव्यानंतर सेसिलियाला मुंबईला परत बोलावलं होतं. पावसाच्या आधी शेडी जाळून टाकायच्या होत्या. झाडणाऱ्या बाया घरी जाणार. पण ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात जखमा बांधायला एक बाई कायमची घ्यायची आहे, आणि कुणाला घ्यावं ते डॉक्टरांनी सेसिलियालाच विचारलं आहे. ती मनुबाईचं नाव सांगणार होती.

शेडी जळाल्यावर आपण कुठं जायचं, हे रोज पाणी तापवताना मनुबाईच्या मनात यायचं. चेंदणीच्या त्या दोन ओळींच्या मधल्या मोकळ्या जागेत? आता कुणीतरी तिला तिसरी ओळ दाखवीत होतं.

"पण हात उघडा पायजे," सेसिलिया म्हणाली. "कोपरापासनं बोटापर्यंत. दोरा नको, गंडा नको, काच नको. काचेच्या मागं घाण बसते बाय, ती नुसत्या पाण्यानं जात नाय."

तिनं गळ्यातला क्रूस बाहेर ओढून दाखवला. त्याच दोऱ्यात तिची लग्नाची अंगठी ओवलेली होती. "ही माझी बघ. तुझ्या पण गळ्यात घाल."

"काच गळ्यात नाय घालीत," मनुबाई म्हणाली.

सेसिलियानं पट्ट्या ढवळल्या. तिला कान्ह्याची गोष्ट माहीत होती. तापात मनुबाईनं ती अकरा दिवस सांगितली होती. म्हणाली, पाडव्यापर्यंत विचार कर, मी घाई करीत नाही.

त्याच आठवड्यात गोदूबाई आल्या. कल्याणच्याच. पन्नाशीच्या, केशवपन केलेल्या, लाल आलवण नेसलेल्या. पुतण्यानं बैलगाडीतून आणलं, गाडीतूनच हात जोडले आणि बैल वळवले. त्यांच्या काखेत गाठ होती, डोळ्यांवर घडी. मनुबाईच्या हातचं पाणी त्या घेत नव्हत्या. त्यांच्यासाठी ब्राह्मण पाणक्या दिवसातून दोनदा दाराशी येई आणि लांबूनच पेल्यात ओती. तोंड धुवायचं पाणी मात्र मनुबाईचं चाले, कारण ते गिळायचं नसतं, असं त्यांनी स्वतःच ठरवलं होतं. जीभ तापानंही बोथट झाली नव्हती. कोळणी, तुझ्या अंगाला बोंबलाचा वास येतो, असं एकदा म्हणाल्या. मनुबाई म्हणाली, दोन महिने बोंबील बघितला नाय, हा वास तुमच्या नाकातच असंल. त्यावर गोदूबाई हसल्या, आणि शेडीत कितीतरी दिवसांनी कुणी हसलं म्हणून बाकीच्यांनी माना वळवल्या.

मग त्या तिची वाट बघू लागल्या. एकदा म्हणाल्या, "तुझ्या बांगड्यांवरून मला वेळ कळते. पाणी आणतेस तेव्हा मोकळ्या वाजतात. घाण उचलतेस तेव्हा तू त्या हातानं आवळून धरतेस, आम्हाला लाज वाटू नये म्हणून."

हे कुणाला कळत असेल असं मनुबाईला कधी वाटलं नव्हतं.

"माझे हात अकराव्या वर्षी गप्प झाले," गोदूबाई म्हणाल्या. "तेव्हापासून मी घरात आले तरी कुणाला कळत नाही. गेले तरी कळायचं नाही."

डॉक्टरांनी त्यांची गाठ फोडली. जखम चांगली होती, सेसिलिया म्हणाली, नीट बांधली तर पंधरा दिवसांत भरेल. पण दुसऱ्याच दिवशी खाडीपलीकडच्या छावणीत, आजाऱ्यांच्या घरच्या माणसांना जिथं वेगळं ठेवलं होतं तिथं, एकदम सात जणांना ताप भरला. सेसिलियाला तिकडं जावं लागलं. संध्याकाळपर्यंत येते म्हणून गेली ती तीन दिवस आली नाही. पुरुषांच्या शेडीतला कंपाउंडर बायकांच्या जखमा बांधायला आला, तर गोदूबाईंनी आलवण काखेशी घट्ट धरलं. मेले तरी चालेल, पुरुषाचा हात नको. शेजारच्या खाटेवरच्या शेवंतीनंही तेच केलं. ती डोंबिवलीची कुणब्याची पोर, तिची जांघेतली जखम वाईट वास मारत होती. कंपाउंडर निघून गेला.

जखमा वाहत होत्या. मनुबाईनं सेसिलियाचा हात शंभर वेळा बघितला होता. पट्ट्या उकळल्या, पाणी ऊन केलं, कार्बोलिक घातलं. मग ती आपल्या डाव्या हाताकडं बघत बसली. उतरवायच्या नव्हत्या आणि उघड्याही ठेवायच्या नव्हत्या. तिनं सातही बांगड्या मनगटावरून वर सरकवल्या, कोपराच्या खाली नेऊन अडकवल्या आणि त्यावर फडक्याची चिंधी घट्ट गुंडाळली. काच दिसत नव्हती, वाजतही नव्हती. वल्ह्याची दोरी सुटली की कोळी अशीच चिंधी बांधून वेळ मारून नेतात. तिला वाटलं, साधलं. सेसिलियाबाईंचंही राहिलं, घरच्या आयेचंही राहिलं.

आधी शेवंतीची जखम धुतली, मग मनगटापर्यंत हात रगडून धुतले आणि गोदूबाईंची धुतली.

"आज वाजत नाहीस?" गोदूबाईंनी विचारलं.

"बांधून ठेवल्यात."

"कुणी गेलं का तुझं?"

"नाय बाई. कुणी नाय गेलं."

गोदूबाईंनी काख सैल सोडली. मग म्हणाल्या, हात बरा आहे तुझा. दुखत नाही. मनुबाईला त्या दिवशी जेवण गोड लागलं. दुसऱ्या दिवशी तिनं तसंच केलं, तिसऱ्याही दिवशी. चिंधी तीच होती. वरून कोरडी दिसायची.

चौथ्या सकाळी शेवंती गेली, ओहोटीच्या वेळी, मनुबाईच्या मांडीवर डोकं ठेवून. आणि त्याच सकाळी गोदूबाईंच्या मानेला बोटं लावली तर पाणी घरात शिरलेलं. जखमेच्या कडा लाल, फुगलेल्या. वास मनुबाईनं ओळखला. तो शेवंतीचा वास होता.

सेसिलिया दुपारी आली. डोळे खोल गेलेले, उभ्यानं झोपेल अशी. तिनं गोदूबाईंची पट्टी सोडली, वास घेतला आणि मनुबाईचा डावा हात धरून तिला बाहेर उजेडात नेलं. चिंधी सोडली. आतल्या बाजूला ती पिवळी, कडक झाली होती. सात बांगड्यांच्या मधल्या फटींत तेच सुकून बसलं होतं.

"शेवंतीची आधी केलीस?"

मनुबाईनं मान हलवली.

सेसिलिया ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती खाली बसली. "तू तिचं वाईट करायला नाय गेलीस. पण शेवंतीची घाण तुझ्याच हातानं गेली तिकडं." मग म्हणाली, "आता मी हाय, मी बांधीन. पाडव्यानंतर मी नसेन, मनू. तेव्हा हात उघडा असेल तर तू बांध. नसेल तर दुसरी बाई बघू दे त्यांना."

मनुबाईनं हात तीनदा धुतले, बांगड्यांच्या फटी काडीनं कोरून काढल्या, तरी तिला तो वास येत राहिला. दुसऱ्या दिवशी धाकूची होडी चुना उतरवून परत निघाली होती. तिनं विचारलं, नेतोस का. धाकूनं वल्ह्यानं होडीच्या दुसऱ्या टोकाकडं दाखवलं. तिथं बस, म्हणजे नेतो.

ओहोटीबरोबर होडी खाली सरकत होती. डोंबिवलीच्या बाजूची भातखाचरं कापून मोकळी पडली होती आणि त्यांत एकही माणूस दिसत नव्हता. धाकू तिच्याकडं पाठ करून वल्हवत होता. मनुबाई हात मांडीवर ठेवून बसली होती, आणि लाटेबरोबर होडी हलली की बांगड्या आपोआप वाजत होत्या, कुणी न बोलावता.

चेंदणीत त्या वर्षी शिमगा झाला नाही. निम्मी घरं कुलपं लावून गेलेली, होड्या चिखलात आडव्या, जाळी न वाळवता गोळा करून टाकलेली. जनी दारात बसून सुकी मासळी निवडत होती. सुनेला बघून तिनं पाट पुढं सरकवला, चार हातांवर. मनुबाई पाटावर बसली नाही, भुईवर बसली, आणि तिनं सगळं सांगितलं. गोदूबाई, शेवंती, चिंधी, तो वास. ठाण्याच्या दवाखान्याचं काम, इथून वल्हं मारावं इतकं जवळ, कायमचं. आणि त्याच्यासाठी काय पाहिजे ते सांगायची वेळ आली. तिनं नुसता डावा हात पुढं केला.

जनी हाताकडं बघत राहिली. "काढायला सांगतान?"

"हां."

"मग काढली का नायस?"

"तुझ्यासाठी, आये. तू दर पुनवेला भरतेस."

जनीच्या बोटांतला मासा तसाच राहिला. "मी? मी तुझ्यासाठी भरते गो."

दोघींच्या मधून एक मांजर मासळीकडं आलं. जनीनं त्याला हाकललं नाही.

"त्या तिघी रडल्या, तू रडली नायस," म्हातारी म्हणाली. "मना वाटलं, हिला आस हाय, मोडणारी मी कोण? माझा पोर गेला, मना दुसऱ्याच दिवशी कळला. सकाळी चूल पेटवायला बसले नि कळला. पण तुझा हात वाजत होता. वाजत्या हाताच्या घरात मी रडू कशी?"

मनुबाईनं तोंडावर पदर घेतला. ती चार वर्षं म्हातारीसाठी गप्प होती आणि म्हातारी चार वर्षं तिच्यासाठी. एकाच घरात, एकाच चुलीशी, दोघी आपापल्या बाजूनं भिंतीला टेकून बसल्या होत्या, आणि पलीकडून कुणी टेकलंय म्हणूनच भिंत उभी आहे असं दोघींना वाटत होतं.

जनी उठली. ते चार हात तिनं ओलांडले. खोबरेलाची वाटी आणली, सुनेचा पंजा आपल्या मांडीवर घेतला आणि तेल चोळू लागली. फोडायला ती दगड घेईल असं मनुबाईला वाटलं होतं. पण जनीनं अंगठा आत दुमडला, बोटं जुळवली आणि पहिली बांगडी हळू फिरवत खाली आणली, लग्नाच्या दिवशी उजव्या हाताची आणली होती तशी. ती अख्खी निघाली. दुसरी निघाली. सहा निघाल्या. सातवी अंगठ्याच्या सांध्याशी अडली. जनीनं आणखी तेल घातलं, फिरवली, आणि ती तिच्या बोटांतच मोडली. फार बारीक आवाज झाला. 

त्या आवाजासरशी जनी रडली. आधी आवाज नव्हता, मग आवाज आला, आणि मग तो गल्लीभर गेला. ज्या घरांत माणसं उरली होती त्यांची दारं उघडली. कुणी जवळ आलं नाही, तापाचं भय होतं, पण उंबऱ्यांवर बाया उभ्या राहिल्या, आणि ज्या तिघींच्या बांगड्या तेव्हा वाढवल्या होत्या त्यांतली एक खाली बसली.

निघताना जनीनं सहा बांगड्या फडक्यात बांधून सुनेच्या हातात दिल्या. "या दर्याला दे. उजव्या दिल्यास तशा." सातवीचे तुकडे तिनं आपल्याकडं ठेवले. म्हणाली, माझ्यापुरता तो गेला. तुझं तू बघ.

भरती लागली होती. खाडीच्या मध्यावर मनुबाईनं धाकूला थांबायला सांगितलं. त्यानं वल्ही उचलून धरली, तिच्या हाताकडं बघितलं आणि डोक्यावरची लाल टोपी काढून मांडीवर ठेवली. तिनं एकेक बांगडी पाण्यात सोडली. पाणी गढूळ होतं, हिरवा रंग लगेच दिसेनासा झाला. मनगटावर सात फिकट कडी राहिली होती, जिथं चार वर्षं ऊन पोचलं नव्हतं. रडू येईल म्हणून ती थांबली. आलं नाही. वल्ह्यांवरून पाणी ठिबकत होतं तेवढाच आवाज होता.

शेडीत ती शिरली ते बायकांना कळलंच नाही. तिनं ऊन पाणी घेतलं आणि गोदूबाईंच्या खाटेपाशी गेली. त्यांचा ताप खाली आला नव्हता. ओलं फडकं चेहऱ्याला लागताच त्या दचकून आक्रसल्या, दोन्ही हात पुढं करून कुणाला तरी ढकलू लागल्या.

"मी हाय बाई. मनू."

गोदूबाईंचा हात हवेत थांबला. मग तो चाचपडत आला, मनुबाईच्या मनगटापाशी आला. त्यांनी उघड्या कातडीवरून बोटं फिरवली, एकदा खाली, एकदा वर.

"अशी येऊ नकोस," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, यमच आला. आवाज करून ये."

"आता काय वाजवू?"

"ते तू बघ. इथं सगळ्या आंधळ्या आहेत."

मनुबाई बाहेर गेली. रांजणापाशी उभी राहिली. जात्याखाली दाबलेला आवाज उघड्यावर कसा काढायचा तिला कळेना. तिनं दोनदा सुरुवात केली आणि दोनदा सोडली. मग भांडं भरून घेतलं आणि शेडीच्या दारातून हळू, कुणाची झोप मोडणार नाही इतकं हळू, म्हणत आत आली:

आले गं बाई आले, हाती नाही किणकिण
ऊन पाण्याचं भांडं तुझ्या उशाशी ठेवीन

दाराजवळच्या खाटेवरून एक हात बाहेर आला. गोदूबाई म्हणाल्या, गळा काही गोड नाही हो तुझा. पण त्यांनी तोंड तिच्या बाजूला वळवलं होतं.

त्यांची जखम पंधरा दिवसांत भरायची ती दीड महिन्यानं भरली. पहिले आठ दिवस सेसिलियानं बांधली, पुढं मनुबाईनं, कोपरापर्यंत उघड्या हातांनी, आणि दर खेपेला तिला शेवंतीची खाट दिसायची, जिच्यावर आता दुसरी कुणी होती. पाणी मात्र गोदूबाई शेवटपर्यंत पाणक्याचंच प्यायल्या. पुतण्या न्यायला आला नाही. त्या एका भाड्याच्या गाडीत बसून गेल्या, आणि जाताना म्हणाल्या, मी गेले ते तुला कळलं एवढं पुरे.

त्याच्या कितीतरी आधी, पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, सेसिलिया मुंबईला गेली. निघायच्या आधी ती मनुबाईला घेऊन डॉक्टरांच्या राहुटीत गेली. तिथं कारकून मोठं बाड उघडून बसला होता. ठाण्याच्या दवाखान्यात पाठवायच्या माणसांची नावं लिहीत होता.

नाव? मनुबाई. गाव? चेंदणी. काम काय येतं? सेसिलियाच म्हणाली, जखमा बांधते, ताप बघते, आणि रडणाऱ्याजवळ बसते, तेही लिहा. कारकुनानं पहिली दोनच लिहिली.

नवऱ्याचं नाव?

"कान्हा."

"हयात की मयत?"

मनुबाईनं राहुटीच्या फटीतून बाहेर बघितलं. खाडी भरत आली होती, तिवरं गुडघाभर पाण्यात होती.

"दर्यावर," ती म्हणाली.

कारकुनानं तिच्या एका उघड्या हाताकडं बघितलं, मग दुसऱ्याकडं. दौतीत टाक बुडवला आणि काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मनुबाईला वाचता आलं नाही, आणि तिनं ते कुणाला वाचून दाखवायलाही सांगितलं नाही. अंगठा उठवून ती बाहेर आली. हात कोपरापर्यंत धुतले, उन्हात धरून वाळवले. मग ऊन पाण्याचं भांडं उचललं, शेडीच्या दाराशी आली आणि आत पाऊल टाकायच्या आधी तिनं घसा मोकळा केला.